इटालियन भाषेचा अपूर्ण भूतकाळ : काय घडत असे आणि काय घडले

इटालियन शिकू लागल्यावर वर्तमानकाळ लवकर जमतो. खरी परीक्षा भूतकाळात असते, कारण तिथे दोन काळ समोर येतात आणि प्रत्येक वाक्यात त्यांतला एक निवडावा लागतो. एकाचे नाव 'पास्सातो प्रोस्सिमो', म्हणजे घडून संपलेल्या गोष्टीचा काळ. दुसऱ्याचे नाव 'इम्पेर्फेत्तो'. या शब्दाचा अर्थ 'अपूर्ण'. आपल्या व्याकरणातला 'अपूर्ण भूतकाळ' हा शब्द अगदी तोच अर्थ सांगतो. या लेखात नियमित क्रियापदांचा इम्पेर्फेत्तो शिकू या. मराठी येणाऱ्याला तो अवघड नाही आणि आनेकलमध्ये राहणाऱ्याला तर आणखी सोपा आहे. तसे का, ते पुढे येईलच.

इटालियनच का, असे काही जण मला विचारतात. याचे उत्तर आपल्या सैन्याच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात भारतीय सैन्याच्या ४थ्या, ८व्या आणि १०व्या डिव्हिजन इटलीत लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. या रेजिमेंटच्या दोन जवानांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला : नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. त्याच युद्धात उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक भारतात आणले गेले आणि त्यांच्यासाठी आपल्या बंगळूरच्या जालहळ्ळी भागात छावण्या होत्या. आपले जवान त्यांच्या देशात आणि त्यांचे आपल्या शहरात, असा तो काळ होता. या दोन्हींची गोष्ट सांगायची तर इम्पेर्फेत्तोशिवाय चालत नाही.

वाचण्यापूर्वी

इटालियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतला 'च' चहामधला आहे, चाकामधला नाही. 'ज' जिल्ह्यामधला आहे, जहाजामधला नाही. 'त' आणि 'द' मराठीसारखेच दातांवर जीभ टेकवून म्हणायचे. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी तिथे 'ट' आणि 'ड' म्हणू नये. जोडाक्षर असेल तिथे त्यावर पूर्ण जोर द्यावा, जसा आपण 'पक्का' किंवा 'सत्तर' म्हणताना देतो.

रूपे कशी होतात

इटालियन क्रियापदाचे मूळ रूप बहुतेक 'रे'ने संपते. 'रे'च्या आधी कोणता स्वर आहे यावरून तीन गट पडतात.

पहिला गट 'आरे' : पार्लारे (बोलणे)
दुसरा गट 'एरे' : स्क्रीवेरे (लिहिणे)
तिसरा गट 'ईरे' : दोर्मीरे (झोपणे)

इम्पेर्फेत्तोचा नियम एका ओळीत सांगता येतो : शेवटचा 'रे' काढा आणि त्या जागी 'व'चा प्रत्यय लावा. 'रे'च्या आधीचा स्वर जसाच्या तसा राहतो. प्रत्यय सहा आहेत : वो, वी, वा, वामो, वाते, वानो.

मी (ईयो) : पार्लावो, स्क्रिवेवो, दोर्मीवो
तू (तू) : पार्लावी, स्क्रिवेवी, दोर्मीवी
तो, ती (लुई, लेई) : पार्लावा, स्क्रिवेवा, दोर्मीवा
आम्ही (नोई) : पार्लावामो, स्क्रिवेवामो, दोर्मिवामो
तुम्ही (वोई) : पार्लावाते, स्क्रिवेवाते, दोर्मिवाते
ते, त्या (लोरो) : पार्लावानो, स्क्रिवेवानो, दोर्मीवानो

'तू' दोन्ही भाषांत एकच आहे, हे लक्षात आले असेल. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे असे होते. मात्र गुरुजनांशी बोलताना इटालियन माणूस 'तू' म्हणत नाही. तो आदराने 'लेई' म्हणतो आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनाचे वापरतो. म्हणून आपल्या इन्स्ट्रक्टरांना उद्देशून 'लेई पार्लावा' असे म्हणायचे.

आघाताकडे थोडे लक्ष द्यायला हवे. 'पार्लावो, पार्लावी, पार्लावा' यांत जोर 'ला'वर येतो. 'पार्लावामो' आणि 'पार्लावाते' यांत तो पुढे सरकून 'वा'वर जातो. 'पार्लावानो'मध्ये मात्र तो पुन्हा मागे येऊन 'ला'वरच पडतो. संचलनात पाऊल चुकलेला एक जण सगळ्यांना दिसतो, तसा या शेवटच्या रूपातला चुकीचा आघात इटालियन माणसाला लगेच ऐकू येतो.

एक चांगली बातमी अशी की वर्तमानकाळात त्रास देणारी अनेक क्रियापदे इथे शिस्तीत चालतात. 'आन्दारे' म्हणजे जाणे. त्याचे वर्तमानकाळातले 'मी'चे रूप 'वादो' असे भलतेच होते, पण इम्पेर्फेत्तोत सरळ 'आन्दावो'. 'आवेरे' म्हणजे जवळ असणे, त्याचे 'आवेवो'. 'कापीरे' म्हणजे समजणे. वर्तमानकाळात 'कापीस्को' होते, इथे साधे 'कापीवो'.

नियम खऱ्या अर्थाने मोडणारे क्रियापद एकच, 'एस्सेरे' म्हणजे असणे. त्याची रूपे पाठच करावी लागतात : एरो, एरी, एरा, एरावामो, एरावाते, एरानो. 'फारे' (करणे), 'दीरे' (सांगणे) आणि 'बेरे' (पिणे) ही तिघे वरवर नियमबाह्य दिसतात, कारण त्यांची रूपे फाचेवो, दिचेवो, बेवेवो अशी होतात. प्रत्यक्षात ती आपल्या जुन्या, लांब मूळ रूपांवरून नियमानेच बनलेली आहेत.

एक ऐतिहासिक गंमत सांगतो. जुन्या इटालियनमध्ये 'मी' आणि 'तो' यांचे रूप एकच होते, दोघांनाही 'पार्लावा'. आलेस्सांद्रो मान्झोनी या कादंबरीकाराने आपल्या प्रसिद्ध कादंबरीच्या १८४० च्या सुधारित आवृत्तीत 'मी'साठी 'ओ'ने संपणारे रूप घेतले आणि आज तेच सर्वमान्य आहे. आपल्या जुन्या रीतिभूतकाळातही 'मी करी' आणि 'तो करी' असे एकच रूप दिसते.

कधी वापरायचा

इम्पेर्फेत्तोची मुख्य कामे तीन आहेत.

पहिले काम सवयीचे. ओन्यी मात्तीना कोर्रेवामो : आम्ही रोज सकाळी धावत असू. बोलताना आपण 'धावायचो' म्हणतो. 'ओन्यी जोर्नो' (रोज), 'सेम्प्रे' (नेहमी), 'दी सोलीतो' (बहुधा) हे शब्द दिसले की हा काळ जवळपास ठरलेलाच.

दुसरे काम चालू असलेल्या क्रियेचे. आल्ले सेई दोर्मीवो : सहा वाजता मी झोपलेलो होतो, झोप चालू होती. 'मेन्त्रे' म्हणजे 'असताना'. तो शब्द आला की मागोमाग इम्पेर्फेत्तो येतो. मेन्त्रे स्क्रिवेवो : मी लिहीत असताना.

तिसरे काम वर्णनाचे. भूतकाळातले वय, हवामान, वेळ, मनाची अवस्था. प्योवेवा : पाऊस पडत होता. एरानो ले सेत्ते : सात वाजले होते. आवेवा वेन्तिदुए आन्नी : त्याचे वय बावीस होते. इटालियनमध्ये माणसाला वर्षे 'असतात', म्हणून तिथे 'आवेरे' येते.

मराठीत ही कामे वेगवेगळी रूपे वाटून घेतात. सवयीला रीतिभूतकाळ : 'मी बंगळूरला जात असे.' चालू क्रियेला अपूर्ण भूतकाळ : 'मी बंगळूरला जात होतो.' इटालियनमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द, 'आन्दावो'. त्यातून कोणता अर्थ घ्यायचा ते बाकीचे वाक्य सांगते.

आनेकलचा फायदा इथे होतो. आपण बसस्टँडवर, दुकानात आणि मैदानावर रोज कन्नड ऐकतो. कन्नडमध्ये 'होगुत्तिद्दे' म्हणजे 'मी जात होतो' आणि 'मी जायचो' हे दोन्ही. 'ओदुत्तिद्दे' म्हणजे 'मी वाचत होतो' आणि 'मी वाचायचो' हे दोन्ही. म्हणजे 'होगुत्तिद्दे' आणि 'आन्दावो' यांची जोडी मराठी किंवा हिंदीपेक्षा अधिक नेमकी जुळते. ज्याला कन्नड बोलता येते त्याने इटालियन वाक्य आधी मनात कन्नडमध्ये म्हणून पाहावे. उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

आणखी एक सोय म्हणजे मराठीत मुलगा 'जात होतो' म्हणतो आणि मुलगी 'जात होते' म्हणते, तर 'आन्दावो' दोघांनाही चालतो. इम्पेर्फेत्तोला लिंग नसते.

फसवणारी जागा

पुष्कळांना वाटते की जी गोष्ट बराच वेळ चालली तिला इम्पेर्फेत्तो आणि जी पटकन झाली तिला पास्सातो प्रोस्सिमो. हे खरे नाही. काळ किती लांब होता याने काही ठरत नाही. बोलणारा त्या काळाची हद्द दाखवतो आहे का, याने ठरते.

ला ग्वेर्रा ए दुराता सेई आन्नी : युद्ध सहा वर्षे चालले. सहा वर्षे हा लहान काळ नाही. तरीही इथे पास्सातो प्रोस्सिमोच येतो, कारण 'सहा वर्षे' म्हणताच आपण कुंपण घातले.

दुरान्ते ला ग्वेर्रा स्क्रिवेवा ओन्यी सेत्तिमाना : युद्धाच्या काळात तो दर आठवड्याला पत्र लिहीत असे. इथे किती पत्रे लिहिली ते मोजलेले नाही. कुंपण नाही, म्हणून इम्पेर्फेत्तो.

कसोटी अशी : वाक्य 'किती वेळ?' किंवा 'किती वेळा?' याचे नेमके उत्तर देत असेल तर पास्सातो प्रोस्सिमो. 'तेव्हा काय चालले होते?' किंवा 'तेव्हा कसे असायचे?' याचे उत्तर देत असेल तर इम्पेर्फेत्तो. मराठीतही आपण 'तीन वेळा पडायचो' म्हणत नाही, 'तीन वेळा पडलो' म्हणतो.

एका लढाईची क्रियापदे

आता हे दोन काळ एकत्र कसे काम करतात ते पाहू. नाईक यशवंत घाडगे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे एका सेक्शनचे नेतृत्व करत होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनच्या दिशेने धावले. त्यांनी हातबॉम्ब फेकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांना वीरमरण आले.

हीच हकीकत इटालियनच्या साध्या वाक्यांत मांडू.

आवेवा वेन्तिदुए आन्नी : त्यांचे वय बावीस होते.
कोमान्दावा ऊना स्क्वाद्रा : ते एका तुकडीचे नेतृत्व करत होते.
ला मित्राल्यात्रीचे स्पारावा : मशीनगन गोळ्या झाडत होती.
ई कोम्पान्यी कादेवानो : सोबती कोसळत होते.

ही चारही वाक्ये इम्पेर्फेत्तोत आहेत. यांत काळ पुढे सरकत नाही. आपल्यासमोर फक्त परिस्थिती उभी राहते. यानंतरचे वाक्य पाहा.

आ लान्चातो ऊना बोम्बा आ मानो : त्यांनी हातबॉम्ब फेकला.

इथे काळ बदलला आणि गोष्ट पुढे गेली. लढाईच्या कोणत्याही वृत्तान्तात हे दिसेल : परिस्थिती इम्पेर्फेत्तोत आणि माणसाने केलेली कृती पास्सातोत. शौर्य म्हणजे काय, हे व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर चालू असलेल्या भयंकर इम्पेर्फेत्तोत एका माणसाने आपल्या इच्छेने घातलेले पास्सातोचे क्रियापद.

शेवटचे वाक्य सर्वांत जपून लिहायला हवे. 'मोरीरे' म्हणजे मरणे. 'मोरीवा' म्हटले तर अर्थ होतो 'तो मरत होता'. यात शेवट सांगितलेला नाही. कदाचित डॉक्टर पोहोचले असतील, कदाचित तो वाचला असेल. 'ए मोर्तो' म्हटले की अर्थ होतो 'तो मेला'. एका प्रत्ययाने एक माणूस जिवंत राहू शकतो किंवा मरू शकतो. रूपे पाठ करताना कंटाळा आला तर हे उदाहरण आठवावे.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. इटालियन वर्तमानपत्रांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या व्यक्तीच्या मृत्यूबद्दल मुद्दाम इम्पेर्फेत्तो वापरतात. 'इल द्येची लुल्यो मोरीवा' : दहा जुलैला तो मरण पावत होता. घटना संपलेली आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. तरी तो क्षण लगेच संपू नये, वाचकाने तिथे थोडे थांबावे, म्हणून हा काळ. याला कथनात्मक इम्पेर्फेत्तो म्हणतात. परीक्षेत मात्र तो वापरू नये.

घाडगे यांचे नाव इटलीतल्या कास्सिनो येथील युद्धस्मारकावर कोरलेले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये पेरूजाजवळच्या मोंतोने गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले. त्यावरच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

आदब राखणारा इम्पेर्फेत्तो

एक छोटे काम सांगायचे राहिले. इटालियन माणूस दुकानात 'मला कॉफी हवी' असे सरळ न म्हणता 'वोलेवो उन काफ्फे' म्हणतो, म्हणजे 'मला एक कॉफी हवी होती'. कॉफी आत्ताच हवी आहे, पण भूतकाळ वापरल्याने विनंती मऊ होते. यासाठी वेगळे काही शिकायला नको. हाउसमास्टरांच्या दारात उभे राहून आपणही हेच म्हणतो : 'सर, एक परवानगी हवी होती.'

हा काळ घरचा आहे

दगडावर किंवा प्रशस्तिपत्रावर लिहिलेली क्रियापदे बहुतेक पास्सातोची असतात : धावला, फेकला, जिंकले, पडला. ती आवश्यकच आहेत. पण माणूस कसा होता हे त्यांतून कळत नाही. तो काय खायचा, कोणावर चिडायचा, कोणते गाणे गुणगुणायचा, हे इम्पेर्फेत्तोत असते आणि ते फक्त त्याच्या घरच्यांजवळ असते. आपल्या डॉर्मिटरीतही लाइट्स आउटनंतरच्या गप्पा याच काळातल्या : आई असे करायची, आजोबा असे सांगायचे. जालहळ्ळीच्या छावणीतल्या इटालियन कैद्याला आणि टायबरच्या खोऱ्यातल्या मराठा जवानालाही घर आठवताना हाच काळ लागला असणार.

म्हणून पालकांना एक विनंती. आम्ही सुटीत घरी आलो की घरच्यांची कामगिरी आम्हांला सांगताच. त्याबरोबर सवयीही सांगाव्यात. आणि मित्रांनो, आजोबा सैन्यात असतील तर 'तुम्ही काय केले?' याबरोबर 'तुम्ही काय करायचात?' हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जास्त लांब येते.

स्वाध्याय

(क) कंसातल्या क्रियापदाचे इम्पेर्फेत्तोतले रूप लिहा.
१. नोई (कान्तारे) : आम्ही गात असू.
२. लेई (लेज्जेरे) : ती वाचत होती.
३. लोरो (पार्तीरे) : ते निघत असत.
४. तू (वेदेरे) : तू पाहत होतास.
५. वोई (आस्पेत्तारे) : तुम्ही वाट पाहत होतात.

(ख) कोणता काळ येईल ते सांगा.
१. काल आम्ही तीन सामने खेळलो.
२. लहानपणी आजोळी आम्ही विहिरीत पोहायचो.
३. पाऊस पडत होता आणि तेवढ्यात बिगुल वाजला.
४. बाबांनी बेळगावला दोन वर्षे नोकरी केली.
५. आजी तेव्हा सोळा वर्षांची होती.

(ग) घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा. 'असे', 'असत' किंवा 'करायचो' अशी पाच वाक्ये मराठीत लिहून घ्या आणि त्यांतली तीन इटालियनमध्ये लिहा.

उत्तरे
(क) १. कान्तावामो २. लेज्जेवा ३. पार्तीवानो ४. वेदेवी ५. आस्पेत्तावाते
(ख) १. पास्सातो प्रोस्सिमो २. इम्पेर्फेत्तो ३. आधी इम्पेर्फेत्तो, मग पास्सातो प्रोस्सिमो ४. पास्सातो प्रोस्सिमो ५. इम्पेर्फेत्तो
(ग) याची उत्तरे प्रत्येकाच्या घरी आहेत. वेळेवर विचारून घ्यावीत.